आठ घरांचं पाणी

"मी बघतो," एवढंच सर म्हणाले. बोललेलं परत घ्यायची सोय असती तर त्यांनी ते त्याच संध्याकाळी घेतलं असतं.

उतारावर ओळीने बांधलेल्या आठ घरांची ती कॉलनी. घरं नवी, रंग नवा, दारावरच्या घंटाही नव्या. फक्त नगरपालिकेचा पूर्णत्वाचा दाखला तेवढा यायचा होता. दाखला नाही म्हणून नळाला येणारं पाणी कागदोपत्री 'तात्पुरतं' होतं. त्या रविवारी सकाळी सगळी मंडळी पहिल्या घराच्या मोटार ठेवायच्या छपराखाली जमली होती आणि सूचनाकाका पालिकेचं पत्र मोठ्याने वाचत होते. सूचनाकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांच्या घरांना काय काय होऊ शकतं याचाच विचार करण्यात उभी नोकरी गेल्यामुळे कुठलाही विषय काढा, त्यांच्याकडे किमान तीन सूचना तयार असत. माणूस वाईट नव्हता. पण तब्येत उत्तम होती, वेळ भरपूर होता, आणि घरच्यांनी त्यांचं ऐकणं केव्हाच सोडलं होतं. तेव्हा उरलेली सात घरंच त्यांच्या वाट्याला आली होती.

पत्रात लिहिलं होतं की आठ घरांच्या छपरांवर आणि मधल्या रस्त्यावर पडणारं पावसाचं पाणी बाहेरच्या गटारात न सोडता कॉलनीच्या हद्दीतच मुरवावं. त्यासाठी मंजूर नकाशात 'हिरवी जागा' राखलेली आहे. ती नव्वद दिवसांत तयार करून दाखवावी, अन्यथा तात्पुरतं नळजोड बंद करण्यात येईल.

'हिरवी जागा' म्हणजे सातव्या आणि आठव्या घराच्या मधला मोकळा तुकडा. तिथे हिरवं म्हणण्यासारखं एकच होतं, बिल्डरने टाकून दिलेला दाराचा पत्रा. बाकी फुटक्या विटा आणि पोत्यातच गोठलेलं सिमेंट. बिल्डर शेवटच्या घराची किल्ली हातात ठेवून जो गेला तो पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडला नव्हता.

"यात अवघड काय आहे?" सर म्हणाले. सर सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. फळ्यावर त्यांनी आजवर इतक्या नद्या वाहवल्या होत्या की पाणी आपल्या शब्दाबाहेर नाही असा त्यांचा प्रामाणिक समज होता. "खोलगट बाग करायची. आठही घरांचं पाणी तिथे आणायचं. येतं, थांबतं, जमिनीत मुरतं. वर झाडं लावायची. मी बघतो."

टाळ्या पडल्या. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की माणसं नेहमीच मनापासून टाळ्या वाजवतात.

सरांची बायको सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. दिवसाला दोनशे माणसांना 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर' असं सांगून सांगून तिला थोडक्यात बोलायची सवय लागली होती. घरी येताना तिने एवढंच विचारलं, "अहो, आपल्या बाल्कनीतला गुलाब कशाने गेला?"

"तो वेगळा विषय आहे," सर म्हणाले.

तीन दिवसांनी आठव्या घरातले बाइंडरकाका आले. त्यांचं घर उताराच्या अगदी पायथ्याशी. तळमजल्यावर त्यांचा कारखाना होता. एक कापायचं यंत्र, एक लोखंडी दाबयंत्र, खळीची पातेली आणि बाकी सगळा कागद. कोर्टाची दप्तरं, ग्रंथालयाची पाठ निखळलेली पुस्तकं, आणि गेल्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातली साठ वर्षांची जन्मनोंदणीची रजिस्टरं. गावातल्या निम्म्या लोकांचा जन्म झाल्याचा पुरावा त्या वेळी बाइंडरकाकांच्या फरशीवर गठ्ठे करून ठेवलेला होता. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

काका दारातच उभे राहिले. चहा नको म्हणाले.

"सर, वरच्या सात घरांचं पाणी तुम्ही माझ्या भिंतीपाशी आणून साठवणार, असं ऐकतोय."

"साठवणार नाही, काका. मुरवणार."

"मुरेपर्यंत साठवणारच ना?"

सरांनी थोडा विचार केला. "तसं म्हटलं तर, हो. पण काही तासच. आणि फार झालं तर जादा पाणी जाळीतून बाहेरच्या गटारात जाईल. तशी सोय आहे. हवं तर लेखी देतो."

"लेखीच तर भिजतं हो, सर," बाइंडरकाका म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणं टाकलं. भांडले असते तर परवडलं असतं. पण समोरून आले की सरांना वाट द्यायला ते एका बाजूला सरकत आणि खाली मान घालून उभे राहत, आणि त्या सभ्यपणाने सरांना जेवण गोड लागेना.

मग पालिकेच्या पायऱ्या चढणं आलं. तिथे अर्जात 'कामाचा प्रकार' असा रकाना होता आणि त्यात दोनच पर्याय छापलेले होते : खड्डा, बाग. सर उद्यान विभागाच्या खिडकीवर गेले. तिथल्या कारकुनाने नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, "हे रस्त्यापेक्षा खाली आहे. बाग रस्त्यापेक्षा वर असते. शिवाय बागेला चारी बाजूंनी वीतभर कठडा लागतो, माती रस्त्यावर येऊ नये म्हणून. हा खड्डा आहे. शेजारच्या खिडकीवर जा."

शेजारच्या खिडकीवर बांधकाम विभाग होता. "खड्डा?" तिथला कारकून दचकला. "खड्डा असेल तर आठ दिवसांत बुजवावा लागेल. माणूस पडला म्हणजे?"

"पण तो बुजवला तर पाणी कुठे मुरवायचं?"

"ते जलनिस्सारण विभाग सांगेल. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर एक तरुण इंजिनिअर मॅडम बसल्या होत्या. टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. त्यांनी सरांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या इमारतीत हे प्रथमच घडत होतं.

"उद्यानवाल्यांना कठडा हवाय तर कठडा करा," मॅडम म्हणाल्या, "पण रस्त्याच्या बाजूने त्यात तीन तोंडं ठेवा. हातभर रुंद, रस्त्याच्या पातळीला. तोंडं नसतील तर रस्त्याचं पाणी बागेत शिरणारच नाही, बाहेरून वाहत थेट खाली जाईल. खाली कोण राहतं?"

"बाइंडर," सर हळूच म्हणाले.

"मग तोंडं विसरू नका. आत आलेलं पाणी चोवीस तासांत मुरलं पाहिजे. नव्वदाव्या दिवशी सकाळी अकराला मी स्वतः येऊन मोजणार. मुदतवाढ मिळत नाही." आणि 'कामाचा प्रकार' या रकान्यापुढे त्यांनी काहीच न लिहिता पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं.

खणायला सुरुवात झाली. अठरा मीटर लांब, सहा मीटर रुंद, गुडघाभर खोल; भोवती वीतभर कठडा, त्यात रस्त्याच्या बाजूने तीन तोंडं, आणि एका टोकाला जादा पाण्याची जाळी. दोन मजूर खणत होते आणि सात घरं सल्ले देत होती. कुणी म्हणालं, त्यात मासे सोडा. कुणी म्हणालं, कारंजं बसवा, नाहीतरी पाणी येणारच आहे. सहाव्या घरातल्या वहिनींनी तर तळाला सिमेंटचा गिलावा करून घ्या, म्हणजे स्वच्छ राहील, असं सुचवलं. पाणी मुरवायच्या जागेला सिमेंट केलं तर तिला हौद म्हणतात, हे सरांनी त्यांना फार सौम्य शब्दांत समजावलं. वहिनींना ते लागलं. आठवडाभर त्या सरांच्या बायकोकडे पाहून, "आम्ही काय बाई, अडाणी," असं म्हणत होत्या.

मग मातीचा ट्रक आला. सरांनी वाळूमिश्रित भुसभुशीत माती सांगितली होती. ट्रकवाल्याने काळीभोर, तुकतुकीत माती ओतली.

"ही वेगळी दिसते," सर म्हणाले.

"सर, तुम्हाला कळतं म्हणून मुद्दाम ही आणली," ट्रकवाला म्हणाला. "बघा हात लावून. लोणी आहे, लोणी! दुसऱ्या कुणाला दिली नसती."

सरांनी चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाला लावली आणि डोळे मिटले. "उत्तम," ते म्हणाले. त्यांना कळतं असं आजवर इतक्या मोठ्या आवाजात कुणी म्हटलं नव्हतं.

माती पसरली, रोपं लावली, आणि पन्नासाव्या दिवशी पाण्याचा टँकर मागवून चाचणी ठरली. सगळे जमले. बाइंडरकाका तेवढे आले नाहीत, पण त्यांच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता. टँकर रिकामा झाला. पाणी बागेत पसरलं, त्यात आकाश दिसायला लागलं. सरांनी हातातल्या घड्याळाकडे पाहून जाहीर केलं, "संध्याकाळपर्यंत तळ दिसेल."

संध्याकाळी त्यात आकाश होतं. दुसऱ्या दिवशी होतं. तिसऱ्या दिवशीही होतं, शिवाय एक बेडूक होता. चौथ्या दिवशी कॉलनीत त्या जागेला 'सरांचं डबकं' म्हणायला लागले. पाचव्या दिवशी आरोग्य विभागाच्या माणसाने येऊन पळीने पाणी काढून पाहिलं, आतल्या वळवळणाऱ्या अळ्या मोजल्या आणि कठड्यावर नोटीस चिकटवली : डासांची पैदास आढळली, आठ दिवसांत निचरा करा. त्या संध्याकाळी बायकोने दवाखान्यातून एक पत्रक आणून सरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. 'डास टाळा' असं त्याचं नाव होतं. पत्रकात चित्रं होती.

"जमिनीला थोडा वेळ द्यावा लागतो," सर म्हणाले.

"हो का," ती म्हणाली.

खरं काय ते सरांना दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. नववीचा तास होता आणि ते मातीचे प्रकार शिकवत होते. सव्वीस वर्षांच्या सवयीने ओळी तोंडातून आपोआप बाहेर पडत होत्या. "चिकणमाती. कण अतिशय बारीक. हाताला लोण्यासारखी मऊ. हिच्यातून पाणी सहज..." आणि सर थांबले. खडू हातात तसाच राहिला.

"सहज काय, सर?" पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीतून डोकं वर काढून विचारलं.

"झिरपत नाही," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. उरलेला तास मुलांनी नकाशे रंगवले.

शाळा सुटताच सर बागेतली मूठभर माती रुमालात बांधून तडक शाळेमागच्या रोपवाटिकेत गेले. ती चालवणाऱ्या बाई चिखलाचे बूट घालून रोपांना पाणी देत होत्या. सरांनी रुमालातला मातीचा गोळा पुढे केला. बाईंनी तो थोडा ओला केला आणि तळहातावर वळून त्याचा लांबलचक साप केला. साप तुटला नाही. त्याचं त्यांनी कडं केलं. कडंही तुटलं नाही.

"सर, ही बागेची माती नाही, हे मडकं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त भाजायचं राहिलंय. सगळी काढा. खाली खडी, वर जाड वाळू आणि कुजलेलं खत मिसळून माती. झाडं अशी हवीत की चार दिवस पाय बुडाले तरी कुरकुरणार नाहीत आणि महिनाभर कोरडं पडलं तरी मान टाकणार नाहीत. किती दिवस उरलेत?"

"चौतीस."

बाईंनी सरांकडे डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं पाहिलं. "उद्यापासून लागा," त्या म्हणाल्या.

आपण चुकलो हे आठ घरांपुढे सांगणं सरांना फार जड गेलं. बायकोने एक उपाय सुचवला : आधी सांगून टाका आणि मग जेवा. सरांनी तसं केलं. आश्चर्य म्हणजे कुणी हसलं नाही. नळ बंद व्हायची भीती प्रत्येकाच्या पोटात होती. दोन्ही मजूर दुसऱ्या कामावर गेले होते, तेव्हा कॉलनीच हातात घमेली घेऊन उतरली. दररोज सकाळी दीड तास. सहाव्या घरातल्या वहिनी सगळ्यात जोरात फावडं मारत आणि प्रत्येक घावाला, "आम्ही काय बाई, अडाणी," म्हणत. सरांची बायको दवाखान्यातले हातमोजे घालून बेडकाला दोनदा बाहेर सोडून आली. सूचनाकाका कठड्यावर उभे राहून कोणी कुठे खणावं ते सांगत होते. ते घमेलं उचलत नव्हते, पण एक दिवसही गैरहजर राहिले नाहीत.

ब्याऐंशीव्या दिवशी पुन्हा टँकर आला. या वेळी सरांनी काहीच जाहीर केलं नाही. स्टूल घेऊन ते काठावर बसले. पाणी वर आलं, स्थिरावलं, आणि हळूहळू, खरोखर हळूहळू, कठड्याच्या आतल्या बाजूची ओली रेघ उघडी पडत गेली. दुपारी तीनपर्यंत तळाची वाळू दिसली. सर शेजारी कुणी नसताना मोठ्याने म्हणाले, "मुरलं!" आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आठव्या घराचा पडदा हलला, तेवढंच.

नव्वदाव्या दिवशी सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बायकोनेही. हवामान खात्याने आदल्या दिवसापासून अतिवृष्टीचा इशारा दिलेला होता आणि सकाळपासूनच आभाळ असं खाली उतरलं होतं की घरात दिवे लावावे लागले. साडेदहाला सर इस्त्रीचा शर्ट घालून बागेपाशी गेले आणि जागच्या जागी खिळले.

कठडा चारी बाजूंनी अखंड होता. पांढराशुभ्र, नुकताच रंगवलेला. तिन्ही तोंडं गायब.

"कसं दिसतंय?" मागून सूचनाकाकांचा आवाज आला. "तुम्ही काल उशिरापर्यंत शाळेत होतात. म्हटलं, आज मॅडम येणार आणि कठडा तीन ठिकाणी तुटका. बरं दिसतं का? गवंडी आणला, विटा उरल्याच होत्या, दुपारपर्यंत बुजवून रंग मारून टाकला. आणि आत बघा. लाकडाच्या सालींचा थर. सगळीकडे पसरलाय. मोठ्या बागांत असतो."

सरांनी बुजवलेल्या जागेवरून हात फिरवला. "काका," ते कसेबसे म्हणाले, "ती तोंडं होती."

"कसली?"

"पाण्याची!"

सूचनाकाकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याच वेळी कॉलनीच्या वरच्या टोकाला इंजिनिअर मॅडमची स्कूटर येऊन थांबली, आणि सरांच्या डोक्यावर पहिला टपोरा थेंब पडला.

मॅडम मोजपट्टीची लांब काठी खांद्यावर टाकून उताराने खाली येईपर्यंत पाऊस आडवा झाला होता. रस्त्यावरून पाण्याचा लोट सुटला. तो कठड्याला येऊन धडकला, आत जायला वाट शोधत कडेकडेने धावला, वाट मिळाली नाही तेव्हा वळला आणि सरळ बाइंडरकाकांच्या दाराकडे निघाला. बाग आतून कोरडी होती. मॅडमनी कठड्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं.

"तोंडं कुठे आहेत?"

"आहेत," सर म्हणाले. "म्हणजे होती. म्हणजे आतमध्ये आहेत."

"पहार आणा," मॅडम म्हणाल्या.

पहार कुणाकडेच नव्हती. मजुरांनी नेली होती. सूचनाकाका घरात पळाले आणि खिळे ठोकायची हातोडी घेऊन आले. सरांनी ती कठड्यावर मारली. रंगाचा एक टवका उडाला. पाणी काकांच्या पायरीला लागलं होतं. उघड्या दारातून आतलं दिसत होतं : बाइंडरकाका एकटे, रजिस्टरांचे गठ्ठे फरशीवरून उचलून टेबलावर, टेबलावरून कपाटावर चढवत होते. आणखी बरेच उरले होते. आरडाओरडा ऐकून खाली आलेली सरांची बायको चपला काढून आत धावली आणि तिने काही न विचारता एक गठ्ठा उचलला. मागोमाग सहाव्या घरातल्या वहिनी गेल्या.

सर दारात जाऊन उभे राहिले. अंगातून पाणी निथळत होतं. तीन महिने ज्या माणसाने अवाक्षर काढलं नव्हतं त्याच्याकडे काही मागणं सोपं नव्हतं. "काका," ते म्हणाले, "लोखंडी काही आहे का? जड?"

बाइंडरकाकांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला नाही. नुसती मान वळवून त्यांनी दाबयंत्राकडे पाहिलं. त्याच्या स्क्रूमधून आरपार एक हातभर लांब लोखंडी दांडी होती. मग ते गठ्ठा वहिनींच्या हातात देऊन पुढे झाले, दांडी खेचून बाहेर काढली आणि सरांच्या हातात न देता स्वतःच पावसात धावले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"इथे! तीन विटा!"

पहिल्या घावाला रंग गेला, दुसऱ्याला कालचं ओलं सिमेंट, तिसऱ्याला वीट. कालचा गवंडी कच्चा होता हे त्या दिवशी आठ घरांचं नशीब. पाणी त्या भोकातून असं आत घुसलं की सरांच्या पायातली चप्पल सोबत घेऊन गेलं. दुसरं तोंड सरांनी फोडलं, तिसरं दोघांनी मिळून. पायरीवरचं पाणी हटलं. बाग भरायला लागली.

आणि भरतच गेली.

मॅडमनी काठी पाण्यात उभी धरली होती आणि त्या आकडे मोठ्याने वाचत होत्या. "वीस. पंचवीस. तीस. जादा पाणी चाळीसला जाळीतून गेलं पाहिजे."

"जाईल," सर म्हणाले.

"छत्तीस. एकोणचाळीस. बेचाळीस." मॅडम थांबल्या. "जात नाहीये."

सगळ्यांनी जाळीकडे पाहिलं. सूचनाकाकांच्या सालींचा थर पाण्यावर तरंगत तरंगत अख्खाच्या अख्खा जाळीपाशी जमला होता आणि तिथे त्याने घट्ट बूच मारलं होतं. आता बाग काठोकाठ भरली की पाणी सगळ्यात खालच्या कडेवरून सांडणार होतं. सगळ्यात खालची कडा बाइंडरकाकांच्या बाजूची होती.

"पंचेचाळीस," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला.

सरांनी चष्मा काढून बायकोकडे द्यायला हात पुढे केला. बायको तिथे नव्हती, ती आत रजिस्टरं चढवत होती. चष्मा सूचनाकाकांच्या हातात गेला आणि सर पाण्यात उतरले. दोन पावलं नीट पडली. तिसरं पाऊल सालींवर पडलं. सव्वीस वर्षांची नोकरी, इस्त्रीचा शर्ट आणि भूगोल यांच्यासकट सर पाण्यात बसले. पाणी छातीपर्यंत आलं. उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसले. मग त्यांनी उठायचा नाद सोडला आणि बसल्या बसल्याच, लहान मूल न्हाणीत सरकतं तसे, ते जाळीकडे सरकत गेले. हाताने साली ओढल्या. मूठभर निघाल्या, ढीगभर पुन्हा येऊन चिकटल्या.

"काठी घ्या!" मॅडमनी मोजपट्टी पुढे केली. "सरकारी आहे, मोडू नका!"

सरांनी काठी जाळीत खुपसली आणि सगळा जोर लावला. काहीच झालं नाही. मागून कुणीतरी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि काठीवर आणखी दोन हात पडले. खळीने कडक झालेली बोटं होती ती. दोघांनी मिळून दाबलं. जाळीच्या आत मोठ्ठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, साली गरगर फिरल्या आणि पाणी एकदम आत ओढलं गेलं.

"सत्तेचाळीस," मॅडम काठाच्या विटा मोजून म्हणाल्या, कारण काठी सरांकडे होती. मग त्या पुन्हा वाकून त्याच विटा बघत राहिल्या. पाऊस कोसळत होता. "सत्तेचाळीसच. थांबलंय." आणखी थोड्या वेळाने, "सेहेचाळीस."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सूचनाकाका दोन्ही हातांनी सरांचा चष्मा धरून कठड्यावर बसले होते. सर बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं, बरं दिसेल." आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे पुढची सूचना नव्हती. सरांना रागवायचं होतं, वाक्यही तयार होतं. पण आपण नाकाला लावून उत्तम ठरवलेली माती त्यांना आठवली. "चष्मा द्या," ते म्हणाले आणि काकांच्या शेजारी बसले.

साठ वर्षांच्या रजिस्टरांमधलं एकही पान भिजलं नाही. कारखान्यात पाणी उंबऱ्याच्या आत वीतभर शिरून थांबलं होतं. सरांची बायको आणि वहिनी कपाटाला टेकून धापा टाकत होत्या, आणि वहिनींना रजिस्टरात स्वतःच्या धाकट्या दिराचा जन्म सापडल्यामुळे त्या तो सगळ्यांना वाचून दाखवत होत्या.

मॅडम दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला पुन्हा आल्या, चोवीस तासांचा हिशेब करून. बाग रिकामी होती. तळाला साली आणि सरांची चप्पल. त्यांनी चारही कोपऱ्यांत काठी टोचून पाहिली, तीन तोंडं मोजली, आणि कागदावर लिहिलं : मान्य, साली काढून टाकाव्यात, तोंडं कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. कामाच्या प्रकाराच्या रकान्यात मात्र त्या अडल्या. बराच वेळ पेन गालाला लावून उभ्या राहिल्या, आणि शेवटी खड्डा आणि बाग या दोन्हींवर खूण करून त्यांनी सही ठोकली. कारकुनांनी पुढे त्याचं काय केलं कोण जाणे. पण नळ चालू राहिला.

मॅडम गेल्यावर सर एकटेच खाली उतरून साली गोळा करत होते. अंग ठणकत होतं. बाइंडरकाका दाबयंत्राची दांडी पुसत दारात आले आणि थोडा वेळ तिथूनच बघत राहिले. मग कठड्यापाशी आले.

"सर."

सर कंबर धरून सरळ झाले.

"माझ्या मागच्या अंगणात छपराचं पाणी पडतं. भिंतीला ओल धरते. तिथे असाच एक लहानसा करावा म्हणतोय."

सरांना जे वाटलं ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी खाली वाकून एक साल उचलली. "करू या की," ते म्हणाले. "उतार मी काढून देतो. मातीचं मात्र रोपवाटिकेतल्या बाईंना विचारावं लागेल."

"त्यांना कालच विचारलं," बाइंडरकाका म्हणाले. "रविवारी येतायत. उताराचंही त्याच बघणार आहेत. तुम्ही नुसतं खणायला या."

सरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातली साल टोपलीत टाकली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.